गुरुवारची रिकामी जागा

३ सप्टेंबर
शाळा सुरू. यंदा माझ्या खोलीतून एकही मूल मदतीशिवाय जाणार नाही. कुणाला डॉक्टर, कुणाला आधारगट, कुणाला नुसता दीर्घ श्वास, हे मला चेहरा बघताच कळतं. वीस वर्षं समुपदेशक आहे, थट्टा नाही.

११ सप्टेंबर
मानसोपचाराच्या डॉ. श्याँग मिनिअ‍ॅपोलिसहून शाळेत फक्त गुरुवारी येणार. चारच मुलांना वेळ. म्हणाल्या, नीट पारखून पाठवा. हे मला सांगतात!

२६ सप्टेंबर
अकरावीतली ब्रिटा टॉर्गरसन रोज जेवणाच्या सुट्टीत येऊन बसते. सँडविच उघडते, खात नाही. खुर्च्या सारख्या करते. शहाणी पोर. तिला माझी मदतनीस करून टाकलं.

९ ऑक्टोबर
गुरुवारची एक जागा उरली. ब्रिटाला सहज विचारलं, तुला हवी का? म्हणाली, छे, माझं ठीक आहे, कुणा गरजूला द्या. किती समंजस! लगेच हॉकीच्या गोलकीपरला देऊन टाकली.

६ नोव्हेंबर, दुपार
ब्रिटानं आज आपणहून विचारलं, डॉक्टर गुरुवारी किती वाजेपर्यंत असतात? तिला म्हटलं, अगं, दुसऱ्यांची एवढी काळजी करू नये. हसली. वाळली आहे. डाएटचं खूळ असणार. यावर एक भाषण ठेवायचं.

२ डिसेंबर
ब्रिटा आली नाही. काल पण नाही. खुर्च्या वेड्यावाकड्या. जबाबदारीची जाणीव म्हणून नाही या पिढीला.

३ डिसेंबर
ब्रिटाची आई बर्फातून आली. कोट काढला नाही, बसली नाही. पोरगी जिवाचं बरंवाईट करायला निघाली होती. वाचली. हॉस्पिटलात आहे. मी म्हणालो, मी विचारलं होतं हो, तीच नको म्हणाली. आई म्हणाली, तुम्ही इथलेच ना? आपल्याकडे पहिल्या खेपेला हो कोण म्हणतं? साधा केक पुढे केला तरी माणूस दोनदा नको म्हणतो. एकदाच कसं विचारलंत?
ती गेल्यावर मी खुर्च्या सारख्या करत बसलो.

९ डिसेंबर
हॉस्पिटलात गेलो. ठरवून गेलो होतो, या वेळी माघार नाही. ब्रिटाला विचारलं, गुरुवारची जागा देऊ? नको म्हणाली. पुन्हा विचारलं. नको. तिसऱ्यांदा विचारलं. म्हणाली, खरंच नको, सर, इथं डॉक्टर रोज येतात.
मला रडू फुटलं. तिनं टिश्यूचा डबा पुढे केला. मी पहिल्याच खेपेला घेतला.