जुग फोडलं

पिंगळी, रविवार, श्रावण १९८६

आज मामंजींना सोंगट्यांत हरवलं!

आमच्या घरची रीत अशी की आपल्या दोन सोंगट्या एका घरात आल्या की त्यांचं जुग होतं. एकटी सोंगटी जुगाला मारू शकत नाही. पण जुगाची चाल निम्मी, तीही दान सम पडलं तरच. लग्न होऊन आल्यापासून मी जुग कधी फोडलंच नाही. भीती, दुसरं काय? म्हणूनच दरवेळी हरत होते का? तसंच असणार.

आज मात्र टवका उडालेली सोंगटी एकटीच पुढं काढली.

"सूनबाई, जुग फोडायलीस? मरंल की ती!" मामंजी म्हणाले.

दोनदा त्यांचं दान एकानं हुकलं. माझी टवक्याची घरात शिरली, मागचीही मोकळी पळाली. डाव माझा!

उद्या डी.एड.चा फॉर्म भरायला परभणीला जायचंय. मामंजी सोबत येणार होते. पट गुंडाळताना तीच टवक्याची सोंगटी बोटांत फिरवत म्हणाले, "उद्या गाडीनं तू एकटीच जा. माझे गुडघे लय दुखायलेत."

दुपारभर मांडी घालून बसले होते की! तेव्हा नाही दुखले?