हत्तीचा दुसरा कान

चिखली,
ता. १७ फेब्रुवारी १९७४

चि. सौ. कस्तुरास,

तुझ्या आजीचे पोटभर आशीर्वाद, आणि बाळाच्या दोन्ही गालांचे मुके. इकडे शेळी, कोंबड्या, शेजारची तानुबाई सगळी खुशाल आहेत. माझं अक्षर दुसरीपर्यंतचं, तेव्हा वाकडंतिकडं लागेल तसं वाचून घे.

तार आली तेव्हा मी गोवऱ्या थापत होते. पोस्टमन लांबूनच ओरडला, "आजी, घाबरू नका, गूळ काढा! पणतू झालाय!" मी तशीच शेणाच्या हातानं गूळ आणायला धावले. तो बिचारा मागं सरकत म्हणतोय, "आधी हात तर धुवा!" अख्ख्या आळीला गूळ वाटला. मग बबनरावांचं पत्र आलं, बाळाचे कान मोठे आहेत, टोपीत मावत नाहीत. वाचून मी हसले, हसले, आणि मग चुलीपुढं जाऊन बसले. धूर फार झाला होता.

डिंकाचे लाडू खातेस ना? शेक चुकवू नकोस. सासूबाई करतात म्हणून लाजू नकोस. डॉक्टरणीनं गाडीचा धक्का नको म्हटलं म्हणून पहिलं बाळंतपण सोलापुरात झालं, नाहीतर माझ्याच हातानं तुला न्हाऊ घातलं असतं.

तू लिहिलंस, बारशाला आबांनी नाव का कळवलं नाही, माहेरी आले नाही म्हणून रुसलेत का. सांगते. आधी तुमच्या हत्तीचं ऐक.

तू दिवाळीला होतीस तेव्हा त्याची सोंड गळून पडली होती बघ. पाय आणि पोट पाइप कंपनीच्या पांढऱ्या मातीचं, आणि सोंड आपल्या इंद्रायणीच्या लाल मातीची. तानुबाई म्हणली, "आबा, हत्तीला सर्दी झाली की काय!" सगळे हसले, आबा जेवले नाहीत. कंपनीच्या कॉलनीतल्या बागेत बसवायचा, माणसाच्या डोक्याहून उंच हत्ती, आणि तो शेंबडा! मग तुम्ही दोघं आजा-नात पडवीत मातीच्या वड्या वाळवत बसलात. लाल माती वाळताना फार आकसते, पांढरी कमी. एकीनं अंग चोरलं की दुसरीपासून सुटते. दोन्ही कालवून, भाजक्या विटांचा चुरा घालून मध्ये पट्टा द्यायचा, हे तूच म्हणालीस. आबा म्हणाले, "व्हय, सोयरिकीत मधला माणूस लागतोच. आपला मालोजी न्हाई का? तो नसता तर तुझ्या सासऱ्यानं आन् मी टाळकी फोडली असती एकमेकांची."

तू गेल्यावर त्यांनी तसंच केलं. सोंड बसली. पट्टा असा जमला की सांधा बोटाला लागत नाही. संक्रांतीनंतर डावा कान बसवला. केवढा कान, सुपाएवढा! उजवा घडवून ओल्या तरटात ठेवला होता, हत्तीवरही तशीच ओली तरटं. कान आणि हत्ती सारखेच ओले पाहिजेत, नाहीतर पुन्हा सांधा सोडणार, हे तुला मी काय सांगू.

तर ती तरटं भिजवायची पंचाईत झाली. मला मातीला हात लावता येत नव्हता. चाक उलटं करून ठेवलेलं. घरातलं, भावकीतलं कुणीच शिवणार नाही. तरटं कडक व्हायला लागली, आणि मी उंबऱ्यात बसून नुसती बघत होते. तानुबाई कंपनीतून सुटून आली, तिनं बघितलं. न विचारताच हंडा उचलला. म्हणली, "आजी, तुमचं सुतक माझ्या हाताला कुठं लागतंय? आमी बुद्धाची माणसं." रोज शिफ्ट सुटली की आधी आपल्या पडवीत, मग तिच्या घरी. पहिल्या दिवशी सगळ्यात आधी तिनं तो तरटातला कान भिजवला.

पोरी, आता बबनरावांना जवळ बोलव. बाळाला सासूबाईंकडे दे.

आबा गेले. डावा कान बसवला त्याच दिवशी दुपारी. हत्तीच्या पायाला टेकून बसले, म्हणाले, "जरा चहा टाक, मग उजवा लावतो." मी चहा घेऊन आले तर डोळे मिटलेले. वाटलं डुलकी लागली. कप शेजारी ठेवून मी शेळीला पाला टाकायला गेले. परत आले तरी चहा तसाच. दुखणं नाही, खुपणं नाही.

तुझे आईबाप गेल्यावर त्यांनी तुला काखेत घेऊन चाक फिरवलं. तुला कळवलं नाही म्हणून तू मला काय म्हणायचं ते म्हण. तुझे दिवस भरत आलेले होते. बबनराव मिलच्या कामाला पुण्याला गेले होते ना, ते दहाव्याला आले होते. त्यांना एक अक्षर बोलू नकोस. घाटावर ते लहान मुलासारखे रडले आणि गाडीत बसायच्या आधी तोंड धुऊन घेतलं. शपथ मीच घातली होती. पण तू रुसलेत का विचारलंस, मग माझ्यानं राहवेना. त्यांचा रुसवा तुझ्या मनात राहायला नको.

रुसले नव्हते गं. तू येत नाहीस कळलं तेव्हा मीच कुरकुरले, तर म्हणाले, "पोटुशी पोर धक्के खात कशाला येईल? हत्ती काय पळून जातोय?"

सुतक फिटल्यावर पाहुणे म्हणाले, उजवा कान दुसऱ्या कुंभाराकडून लावून घे. मी नाही म्हटलं. माझे हात मडक्यांचे, मलाही तो मधला पट्टा जमायचा नाही. तो तुला ठाऊक आहे. बाळंतपणाचा सव्वा महिना होऊ दे, मग डॉक्टरणीला विचारून ये. सकाळी मी भिजवते, संध्याकाळी तानुबाई. कान अजून मऊ आहे. तू लावलास की वाळू देऊ, आणि त्याच्याभोवतीच भट्टी रचू. वीटभट्टीवाला सोनबा विटा देतो म्हणालाय.

बाळाला टोपी सैल घाल. कान दाबू नकोस त्याचे, असू देत तसेच.

मागच्या दोन पत्रांखाली मी दोघांची नावं घातली होती. आज एकच घालते.

तुझी आजी,
गिरजा