सैल झाकणाची डबी

मी, उत्तम बापूराव सरवदे, वय वर्षे बहात्तर, धंदा तांब्या-पितळेच्या नक्षीदार डब्या घडवणे, राहणार मोरवा, भाईंदर पश्चिम, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र करून ठेवत आहे. शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला. मी बुधवार सांगितला, तर खात्री करायला त्यांनी स्वतःचा मोबाइल बघितला. असो. शरीर थकले आहे, डोके ठिकाणावर आहे.

हाताला कंप असल्याने लिहिणे शेजारच्या सुचेताताईंचे, शब्द माझे. त्या मघापासून म्हणताहेत, "अहो उत्तमराव, कायद्याच्या कागदात एवढं लिहीत नाहीत." मी म्हणतो, लिहा. पुन्हा सांगायला मी नसणार.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. खालील सर्व मिळकत माझ्या स्वतःच्या कमाईची आहे. वडिलांकडून मला फक्त एक ठसा मिळाला, त्याचे पुढे येईल.

कलम १. मोरव्याचा फ्लॅट माझ्या पश्चात पत्नी निशा हिचा. मुलगा नीरज तिला प्रेमाने बेव्हर्ली पार्कला स्वतःच्या घरी घेऊन जाईल, तिथे लिफ्ट आहे, सगळे आहे. तिचे मन तिथे रमणार नाही आणि ती परत येईल. म्हणून इथल्या दूधवाल्याला कोणी बंद सांगू नये. तिच्या पश्चात फ्लॅट नीरज आणि मुलगी रसिका यांना समान.

कलम २. बँकेतली सर्व रक्कम निशाची. त्यात भांडण्यासारखे काही नाही, त्यामुळे कोणी भांडू नये.

कलम ३. भाईंदर पूर्वेचा गाळा मी रसिकाला एकटीला देत आहे. नातेवाईक म्हणतील, मुलगा असताना मुलीला गाळा? म्हणू देत. रसिका नवऱ्यापासून वेगळी झाली तेव्हा यांतला एकही माणूस उंबऱ्यात आला नव्हता. ती बॅग घेऊन घरी आली, जेवली आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासोबत गाळ्यावर आली. तेव्हापासून माझ्या शेजारी बसून चांदीच्या तारेची वेलबुट्टी तीच भरते. पोटही ती त्यावरच भरते. गाळा विकला तर ती कुठे बसणार? नीरजने गाळ्याला गिऱ्हाईक बघून ठेवले आहे, हे मला ठाऊक आहे. त्या गिऱ्हाइकाला नमस्कार सांगावा.

कलम ४. ऐरण, हातोड्या, कानशी, भट्टी आणि उरलेला पत्रा रसिकाला. गाळ्यातला रेडिओ शेजारच्या पॉलिशवाल्या रोशनभाईंना द्यावा. ऐकून ऐकून तो अर्धा त्यांचाच झाला आहे.

ज्या शोरूमवाल्याने माझ्या नव्या डब्या गंधकाच्या पाण्याने काळ्या करून राजवाड्यातल्या म्हणून विकल्या, तो मी गेल्यावर फोटोला हार घेऊन नक्की येईल. त्याला चहा द्यावा. डबी देऊ नये.

कलम ५. आता ठसा. माझ्या वडिलांचा, बोटभर पोलादाचा, पिंपळपानाचा. पुढे हे वाचणाऱ्याला कळावे म्हणून सांगतो. आमच्या डबीचे अंग तांब्याचे आणि झाकण पितळेचे असते. बिजागरी नाही, कडी नाही. झाकण नुसते अंगावर बसते. डबी पुरी झाली की फक्त झाकण धरून उचलायची. अख्खी डबी सोबत उचलली गेली पाहिजे, आणि मग हवा आत जाईल तसतसे अंग स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली सरकले पाहिजे. सरकले, तर आत बुडाला ठसा मारायचा. धाडकन पडले किंवा अडकून बसले, तर डबी भट्टीत. नक्षी कितीही देखणी असो.

यात एक मेख आहे. उन्हाने पितळ तांब्यापेक्षा जास्त फुगते. पत्र्याखाली दुपारी बसवलेले झाकण सकाळी गारव्यात अडकते, म्हणून झाकण सकाळीच बसवायचे. नीरज कॉलेजात असताना त्याने एक झाकण दुपारी बसवले. दुसऱ्या दिवशी ते उघडेना, आणि त्यानंतर तो कामाला बसला नाही. त्याने नोकरी धरली, चांगली धरली. पण गेल्या दिवाळीत तो मशीनवर ठोकलेल्या डब्यांचे खोके घेऊन आला.

"पप्पा, माल माझा, तुम्ही फक्त ठसा द्या. ऑनलाइन हातोहात जाईल."

"यांची झाकणं बघितलीस?"

"आत कोण बघतंय, पप्पा?"

"मी बघतोय."

त्यावर तो आईकडे बघून म्हणाला, "आई, तूच सांग ना यांना." निशाने त्याला आणखी एक करंजी वाढली. विषय तिथे संपला, पण त्याच्या मनातून गेलेला नाही.

तर हा ठसा रसिकाला. त्याचे कारण इथे पहिल्यांदाच सांगतो, निशालाही माहीत नाही. गेली काही वर्षे माझ्या हातून झाकण बसत नाही. कंपाने कड बिघडते. मी बसवायचो, मला ते सैल वाटायचे, मी कंटाळून तसेच ठेवून घरी यायचो. दुसऱ्या दिवशी जाऊन उचलावे तर डबी उचलली जायची आणि तशीच हळू सरकायची, वडिलांच्या वेळची जशी. मी खूश. निशाला सांगायचो, हात सुधारला बघ.

मग एकदा चष्मा बदलला आणि झाकणाची आतली कड उजेडात धरली. माझ्या कानशीचे ओरखडे उजवीकडे कलतात. ही कड बारीक ठोकून आत घेतली होती आणि तिच्यावरचे ओरखडे डावीकडे कललेले होते. घरात डावखुरी एकच आहे.

मी रोशनभाईंना सहज विचारले. ते म्हणाले, "अरे उत्तमभाई, बिटिया तो सबेरे सबेरे शटर खोलती है. आपके आने से पहले फिर गिराकर चाय लेने चली जाती है. मुझे बोली, पप्पा को मत बोलना."

त्या दिवशी मी गाळ्यात जाऊन बसलो. रसिका चहा घेऊन आली आणि म्हणाली, "पप्पा, आज काय मस्त बसलंय झाकण." मी म्हटले, "बसणारच. हात कोणाचा आहे?" ती हसली. मी ठसा मारला. माझा हात गेल्याचे मला फार वाईट वाटले, आणि तिचा हात बघून फार बरे वाटले. दोन्ही एकदम. त्यानंतरही मी रोज सैल झाकण ठेवून येत राहिलो आणि ती ते नीट करत राहिली. एकमेकांना कळू दिले नाही.

ठसा नीरजनेच रसिकाच्या हातात द्यावा. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक मी नीरजलाच नेमत आहे. कागदपत्रांत तो चोख आहे आणि शब्द दिला की पाळतो. माझा त्याच्यावर राग नाही. राग धरायलाही ताकद लागते.

कलम ६. माझे तेरावे वगैरे काही करू नये. आपल्या बौद्ध पद्धतीने वंदना आणि पुण्यानुमोदन करावे, भाषणे थोडक्यात ठेवावीत. अस्थी चेण्याला नेऊन नदीत सोडाव्यात. त्यासाठी एक डबी करून मी घरच्या कपाटात, निशाच्या शालींच्या मागे ठेवली आहे. मुद्दामच ती गाळ्यावर ठेवलेली नाही. अंग तांब्याचे, झाकण पितळेचे, वेलबुट्टी नाही. झाकण धरून उचलली तर ती पडेल, म्हणून दोन्ही हातांनी खालून धरून न्यावी. ती माझ्या एकट्याच्या हातची आहे. नियमाप्रमाणे तिच्यात ठसा मारलेला नाही.

रसिका, ते झाकण सैल आहे, मला माहीत आहे. ते नीट करू नकोस.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. खालील दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी केल्या. सही वाकडी आली आहे, पण माझीच आहे.

सही: उत्तम बापूराव सरवदे

साक्षीदार:
१. सुचेता शिरोडकर, शेजारी, मोरवा
२. रोशन परमार, पॉलिश कारागीर, भाईंदर पूर्व. सही गुजरातीत केली आहे.

ठिकाण: भाईंदर
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५