पसाभर कोंड्याचं लेकरू

१२ जून १९७१, शनिवार

आज मी एक मूल विकत घेतलं. पसाभर कोंडा देऊन!

हसू येतं, आणि रागही येतो. सकाळी दारात बसून पीठ चाळत होते, तर समोर आक्काबाई. मागे तिची सून भागीरथी, हातात सूप. सुपात बारा दिवसांचं लेकरू. भागीरथीची तीन गेली, एकही वर्षाचं झालं नाही. हे चौथं. म्हातारी म्हणाली, "बाई, ह्याला इकत घ्या. पाच वर्सं तुमचं. मग आमी परत घिऊ. तुमच्या घराकडं सटवीची नजर जात न्हाई."

तुमच्या घराकडं! म्हणजे बौद्धाच्या घराकडं. नशीब लिहिणारी सटवीसुद्धा शिवाशिव पाळते म्हणायची! जिभेवर आलं होतं — चालत्या व्हा. वर्गात मुलांना सांगते, सटवी-बिटवी सगळं थोतांड. आणि हिनं माझ्याच दारात यावं? तेवढ्यात त्या सुपातल्या प्राण्यानं जांभई दिली. केवढीशी ती, पण सगळं तोंड उघडून.

म्हटलं, "घेते. पण खोटं-खोटं नाही. लेकरू माझं असेल तर माझ्या ताटात जेवेल, माझ्या माठातलं पाणी पिईल. चालतंय का बघा."

आक्काबाई आढ्याकडे बघत राहिली. भागीरथी पहिल्यांदाच बोलली — "चालतंय."

चाळणीत उरलेला कोंडा पसाभर तिच्या पदरात टाकला. कोंड्यावर घेतला म्हणून नाव कोंडाजी, ते काही मी ठरवायचं नव्हतंच. मी मनातल्या मनात आनंद ठेवलं.

१३ जून

हे काल संध्याकाळच्या एसटीनं आले. आठवडाभर नगरजवळ नागापूरच्या कारखान्यात लोखंड कापायचं आणि रविवारी येऊन माझी अक्कल काढायची! "मास्तरीणबाई, देवदेवस्कीवर भाषणं देता ना? आता?"

म्हटलं, देवदेवस्की त्यांची. मी फक्त पोर घेतलं.

आमच्या छबूनं बाळाची बोटं मोजली. हातापायांची मिळून वीस भरली म्हणून खूष. सात वर्षांची झाली, तिला वाटतं जगात सगळं मोजून बघावं.

४ जुलै

रिवाज मोठा विचित्र आहे. रात्री लेकरू भागीरथीकडे, दूधही तिचंच. पण तिनं "माझं" म्हणायचं नाही. दाई असल्यासारखं पाजायचं. चारचौघांत मुका घ्यायचा नाही. शाळा सुटली की ती त्याला आणून माझ्या मांडीवर ठेवते आणि पाठ फिरवते. एकदाही वळून बघत नाही. दगडाचं काळीज बाई!

शाळेमागची आमची ही खोली, तिच्या पायरीवर दुपारी ऊन उतरतं. तो मांडीवर झोपतो, आणि मी कुठच्या कुठे जाते. त्याला बूट घातलेले दिसतात. मग तो उंच होतो, नगरच्या कुठल्याशा कचेरीत खुर्चीवर बसतो, दारात पट्टेवाला. मी भेटायला जाते तर उठून उभा राहतो. इतकं स्पष्ट, की त्याच्या सदऱ्याची बटणंसुद्धा दिसली. पांढरी.

छबू पाटी घेऊन शेजारी उभी होती म्हणे. बराच वेळ. तीन हाका मारल्या म्हणाली. मला एकही ऐकू आली नाही!

१९ ऑगस्ट

देवी टोचणारे डॉक्टर आले. शाळेच्या ओट्यावर टेबल मांडलं. गावातल्या निम्म्या बायांनी पोरं लपवली. आक्काबाई ओरडत आली — "न्हाई टोचायचं! देवीचा कोप हुईल, लेकरू जाईल!"

मी भागीरथीकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "तुमचं लेकरू हाय. तुमी म्हनाल तसं."

टोचा म्हणणं एरवी किती सोपं! पुस्तकात लिहिलंय म्हणून छबूला टोचताना मी एकदाही विचार केला नव्हता. आज केला. जिची तीन गेली तिच्या चौथ्याचा दंड मी धरला होता. तरी म्हटलं, टोचा. तो असा किंचाळला की शाळेवरची कबुतरं उडाली.

२७ ऑगस्ट

ताप. दंड सुजून टम्म. डॉक्टर म्हणाले होते असं होतं. होतं, म्हणून काय झालं? ठरवलं मी. मी!

शाळेत गेले नाही. दिवसभर त्याला खांद्यावर घेऊन खोलीत फेऱ्या. आक्काबाई दारात बसून बोटं मोडत होती. भागीरथी येऊन पाजून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२९ ऑगस्ट

ताप उतरला. हसला! मी रडले, वेड्यासारखी. छबूच्या हातात पेला होता. म्हणाली, "आई, पाणी पी." केव्हाचा धरून उभी होती कोण जाणे.

२३ नोव्हेंबर

छबूचा पुढचा दात पडला. परवाच म्हणे. मला आज दिसलं.

३० एप्रिल १९७२

निकाल लावला. छबू दुसरीत पहिली. तिचे पेपर मीच तपासलेले, म्हणून दोन गुण कमीच दिले होते, तरी पहिली! वर्गात तिनंही मला बाईच म्हणायचं, हा माझा नियम. आज निकाल घेऊन पाहुण्यासारखी म्हणाली, "येऊ का, बाई?" सगळा वर्ग हसला. मीही हसले.

घरी आले तर आनंद भिंत धरून उभा! कुणाच्या आधाराशिवाय! मग संध्याकाळ सगळी त्यातच.

१० ऑगस्ट

आकाश पितळेच्या ताटासारखं, पुसून ठेवलेलं. विहिरींनी तळ दाखवला. भागीरथी आणि तिचा नवरा बन्सी दुष्काळी कामावर खडी फोडायला जातात. घरची चांगली बारा एकर, पण मातीच उडत असेल तर काय करणार? पहाटे निघतात, दिवस बुडताना येतात. म्हणून आनंद आता दिवसभर माझ्याकडे. बरेचदा रात्रीही.

शाळेच्या ओट्यावर झोळी बांधली. छबू पाढे म्हणत म्हणत पायाच्या अंगठ्यानं दोरी ओढते. तपासणीला साहेब आले होते. झोळीकडे बघून म्हणाले, "हे कुणाचं?"

"माझं," म्हटलं. जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

६ ऑक्टोबर

पहाटे स्वप्न पडलं. मुळा नदीचं पात्र कोरडं, आणि वाळू दुधासारखी पांढरी. मी आणि तो चाललोय. त्याचा हात माझ्या हातात, आणि चालता चालता त्या हाताची बोटं लांब होत जातात, तळवा रुंद होतो, शेवटी माझाच हात त्याच्या मुठीत. कुठे जायचंय ते दोघांनाही माहीत नाही आणि काही बिघडत नाही. दुसरं कुणी नव्हतं. नुसता वारा.

जाग आल्यावर लक्षात आलं — स्वप्नात भागीरथी कुठेच नव्हती. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मग वाईट वाटलं नाही म्हणून वाईट वाटलं.

१७ डिसेंबर, रविवार

लिहू की नको असं झालंय.

आज कामाला सुट्टी. भागीरथी दुपारी आली. अंगावर खडीची धूळ, ती जातच नाही म्हणे. आनंद ओट्यावर खेळत होता. तिला काय झालं देव जाणे, रिवाज-बिवाज विसरून तिनं एकदम दोन्ही हात पसरले — "ये!"

तो धावला. तिच्या बाजूनं धावत गेला, थेट माझ्या पायाला मिठी. "आई!"

तिचे हात तसेच राहिले. मग तिनं ते लुगड्याला पुसले, उगीचच. म्हणाली, "येते बाई."

मला आनंद झाला. इथे खोटं कशाला लिहू? झाला.

९ जानेवारी १९७३

भागीरथी आली. उन्हात तशीच उभी राहिली, बस म्हटलं तर बसेना.

"बाई, माझं लेकरू द्या."

मी म्हटलं, काय?

"लई झालं सोंग. मरंल तर माज्या मांडीवर मरंल, जगंल तर माज्या मांडीवर जगंल. रोज ठिवून जायचे तवा वळून बगत न्हवते. वळले असते तर पाय निगाला नसता. तुमाला वाटलं आसंल ही कसली आई."

वाटलं होतंच. हेच, याच शब्दांत वाटलं होतं.

आणि मी — मी काय बोलले! मी शिकलेली, पंधरा गावांतल्या बायांना शहाणपण सांगणारी! मी म्हटलं, "अजून पाच वर्षं कुठे झालीत, भागीरथी? मध्येच मोडलं, आणि उद्या काही झालं तर?"

तिनं एकदा झोळीकडे बघितलं. वळली आणि गेली.

१० जानेवारी

भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे. आज तिच्याकडे बघवेना. तिच्याकडे पाठ करून भाकऱ्या थापल्या.

१३ जानेवारी, शनिवार

हे आले. सगळं सांगितलं. वाटलं, चिडवतील. चिडवलं नाही. चहा संपवला, कपबशी खाली ठेवली आणि म्हणाले, "म्हातारी म्हणाली होती ना, सटवी आपल्या घरात येत नाही? आली की."



१४ जानेवारी

आज संक्रांत. बाया वाण घेऊन निघाल्या होत्या, त्यांच्यामधून मी त्याला कडेवर घेऊन गेले. आक्काबाईच्या उंबऱ्याच्या आत आजवर कधी गेले नव्हते, कुणी बोलावलंही नव्हतं. आज सरळ आत गेले. चुलीपाशी भागीरथी. तिच्या मांडीवर ठेवला.

म्हातारी कडाडली, "आगं पर पाच वर्सं!"

म्हटलं, "आक्काबाई, मी त्या दिवशी हिला खोटी भीती घातली. सटवी नाही, आणि तिची पाच वर्षंही नाहीत. त्याला देवी टोचलीय, उकळलेलं पाणी पाजा, ताप आला तर अंगारा लावत बसू नका, श्रीरामपूरला दवाखान्यात न्या. मी येईन बरोबर." एका दमात बोलले. थांबले असते तर बोलताच आलं नसतं.

भागीरथीनं त्याचा मुका घेतला. सगळ्यांसमोर. मग आणखी एक, मग मोजायचं कशाला! तो मात्र माझ्याकडे हात करून रडत होता. मी निघाले. वळून बघितलं नाही. कसं चालायचं असतं ते आता कळलं.

१५ जानेवारी

आक्काबाई लुगडं घेऊन आली, लेकरू परत घेतल्याबद्दल. घेतलं नाही. म्हटलं, सहा वर्षांचा झाला की शाळेत पाठवा, तेवढं पुरे. जाताना दारात घुटमळली. म्हणाली, "राती लई रडला. पर झोपला शेवटी."

मी नाही झोपले.

२१ जानेवारी

रडू कुठेही येतं. फळ्यावर लिहिताना येतं. भाकरी परतताना येतं. झोळी सोडवली, तिला त्याच्या तेलाचा वास. ती तोंडाशी धरून दुपारभर पायरीवर बसले. ऊन येऊन गेलं, सावली आली, काही कळलं नाही. पांढऱ्या बटणांचा तो सदरा आता दिसत नाही. डोळे मिटले तर नुसता प्रकाश दिसतो.

हे म्हणाले, "बास कर आता. पोरगी बघते."

२८ जानेवारी

भागीरथी त्याला घेऊन आली होती. अंगानं भरलाय. माझ्याकडे आला, थोडा वेळ बसला, मग "आई" म्हणून तिच्याकडे गेला. तिनं घाबरून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बघतेस काय? घे की!"

ते गेल्यावर पुन्हा रडले. पण आज जरा कमी.

२ फेब्रुवारी

आज शाळेच्या आधी वेळ होता, म्हणून छबूची वेणी घातली. कितीतरी दिवसांनी. केस कमरेपर्यंत आलेत! तिसरा पेड ओढताना ती म्हणाली, "आई, मला भागीरथी मावशीला विकशील?"

मी हसले. म्हटलं, का गं बये?

"म्हणजे तू माझ्यासाठी पण रडशील."