पाटीवर लिहिली ती किंमत

मंगळवार, १२ मार्च

दादा,

नमस्कार. वहिनीलाही सांग. आम्ही इकडे मजेत, तुम्हीही तिकडे मजेत असाल, असं सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहिलं. पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलंबिलं नाही. फोनच केला असता, पण आपला फोन दुकानात गल्ल्याशेजारी, आणि तुझा आवाज ऐकला की बाबा लगेच तो स्पीकरवर टाकायला लावतात. त्यांच्यादेखत बोलण्यासारखं हे नाही.

आधी बातम्या. दुकानाचं शटर एकदाचं दुरुस्त झालं, आता ते उघडताना अख्ख्या गल्लीला जाग येत नाही. शेजारच्या चष्मेवाल्याने दुकानाला असला भडक हिरवा रंग दिलाय की डोळ्यांचं दुकान आणि तेच बघवत नाही. माझा गुडघा माझ्याहून हट्टी झालाय. चाकांच्या बॅगा बऱ्या खपतात, चामड्याच्या कुणी ढुंकून बघत नाही. चिमणीची परीक्षा कशी झाली? तिला म्हणावं, आत्याला दोन ओळी लिहिल्यास तर हात झिजणार नाहीत.

आणि हो, आपल्या दुकानावर ग्राहक कार्यालयात तक्रार झाली होती. घाबरू नकोस, मिटली. पण तुला कुणीतरी तिखटमीठ लावून सांगणार, त्यापेक्षा मीच सांगते.

झालं असं. खिडकीत ती मोठी निळी चार चाकांची बॅग ठेवली होती. एक नर्सबाई आल्या, दवाखान्याची पाळी संपवून, थकलेल्या. म्हणाल्या, "ती साडेनऊशेची निळी बॅग द्या." मी म्हटलं, "साडेनऊशेची कुठली? ती बेचाळीसशेची आहे." त्यांनी माझा हात धरून मला बाहेर फुटपाथवर नेलं आणि काचेतून पाटी दाखवली. साडेनऊशे! चांगलं टपोरं, काळंभोर, लांबून वाचता येईल असं.

मी म्हटलं, "अहो, चुकून लागलीय."

"चुकून? मी आठवडाभर समोरच्या बसथांब्यावरून बघतेय. मुलगी शिकायला बाहेरगावी चाललीय. पगार होईपर्यंत थांबले, रोज देवाला म्हणत होते, ती विकली जाऊ देऊ नकोस."

मला त्यांची दया आली, आणि दया आली की मला राग येतो, हे तुला ठाऊक आहे. मी त्यांना नियम सुनावला. बिल झालं असतं तर मला मागे फिरता आलं नसतं, पण बिल व्हायच्या आधी चूक लक्षात आली, तर दुकानदार माफी मागून नाही म्हणू शकतो. आपल्या इथे तसंच आहे, मी नंतर विचारूनही घेतलं. बाई शहाणी. म्हणाली, "बरं बाई, चूक तर चूक," आणि पर्स बंद करून गेली. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

बाबा तेव्हा जेवून पडायला घरी गेले होते. असते तर त्यांनी मला नियम पुरा करू दिला नसता. त्यांचा कायदा एकच, पाटीवर लिहिलं ते दिलं. आठवतं ना, तू कॉलेजात असताना ट्रंकेच्या पाटीवर एक शून्य खाल्लंस? बाबांनी ती ट्रंक तशीच उचलून गिऱ्हाइकाच्या हातगाडीवर ठेवली आणि तुला चकार शब्द बोलले नाहीत. तू म्हणाला होतास, चार थोबाडीत दिल्या असत्या तर परवडलं असतं.

मी पाटी काढली, खणात बिलबुकांच्या खाली सारली आणि बाबांना काही सांगितलं नाही.

इथे "विसरले" असं लिहिणार होते. विसरले नव्हते, दादा.

संध्याकाळी बाबा आले. बॅगेला पाटी नाही बघून माझ्यावर उखडले, "पाटीशिवाय माल ठेवायचा म्हणजे गिऱ्हाइकाला अंधारात ठेवायचं!" दुसऱ्या दिवशी मी घाऊक बाजारात गेले होते, तेवढ्यात त्यांनी ब्रश काढला, नवीन पाटी लिहिली, खिडकीत चढून लावली. साडेनऊशे. पुन्हा. मी मागच्या दाराने माल घेऊन आले आणि चार दिवस पुढून खिडकीकडे बघितलंच नाही. त्या नर्सबाईंनी मात्र बघितलं. त्यांना काय वाटलं असेल? हेच की ही बाई महा लबाड, कमी किमतीची पाटी लावून गिऱ्हाईक आत ओढते आणि आत आलं की "चुकून लागली" म्हणून गळ्यात महाग माल मारते. मी त्यांच्या जागी असते तर हेच समजले असते, वर चार माणसं जमवून तमाशा केला असता. त्यांनी फक्त मुलीला दाखवायला आधी काढलेला आणि हा नवा, असे दोन्ही वेळचे फोटो जोडून तक्रार दिली.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? साडेनऊशे हा आकडा कुठून आला, तुला कळलं असेल. तू नोकरीला म्हणून घर सोडलंस तेव्हा मोठ्या बॅगेची किंमत तीच होती.

बाबांनी जुन्या किमतीची लिहिलेली ही पहिली पाटी नव्हती. आधी छत्र्यांची, मग दप्तरांची. मी काय करायचे, बाबा दुपारी घरी गेले की त्यांच्यासारखं अक्षर गिरवून पाटी बदलायचे. छान जमायला लागलं होतं मला, त्यांचा तो पोट सुटलेला नऊसुद्धा. खिडकीतली तेवढी नजरेतून सुटली. त्यांची पाटी तपासायची, असं आपल्या घरात कधी कुणाच्या मनात तरी आलंय का? सूर्य बरोबर उगवला की नाही, हे कुणी बघायला जातं?

आणि तू फोनवर म्हणतोस, "बाबा तर माझ्यापेक्षा तल्लख आहेत!" अरे, असणारच. मी समोर बसून ओठ हलवत असते. तू चिमणीचं नाव काढलंस की मी बोटांनी दाखवते, ती कितवीत आहे. वहिनीचा आवाज आला की मी ओठांनी "सूनबाई" म्हणते, मग ते म्हणतात, "काय सूनबाई, कशी आहेस?" आणि तुम्ही दोघं खूश. फोन ठेवला की मला विचारतात, "कोण होतं गं?" रोज नाही विचारत. पण विचारतात.

मी हे तुला का नाही सांगितलं, तर मला वाटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि खरं सांगू? रागही होता. म्हटलं, याला स्वतःला कळू दे की. पाच मिनिटांच्या फोनवर कसं कळणार, हा विचार मी केला नाही. करायचाच नव्हता.

तर तक्रारीच्या सुनावणीला गेलो. दुकान बाबांच्या नावावर, त्यामुळे त्यांना न्यावंच लागलं. मी त्यांना सांगितलं की परवान्याचं काम आहे. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. कार्यालयात एक लांबडं टेबल, पलीकडे अधिकारी, तुझ्या अर्ध्या वयाचा पण बोलायला समंजस. नर्सबाई गणवेशातच आल्या होत्या. आपण काय बोलायचं, ते मी घरून पाठ करून गेले होते.

त्याने विचारलं, "पाटी कुणी लिहिली?"

"मी," म्हटलं.

"दुसऱ्यांदा?"

"तीही मीच."

त्याने पेन खाली ठेवलं. "बाई, नीट विचार करून बोला. एकदा चुकली तर ती चूक. पण यांनी तुम्हाला तोंडावर सांगितलं, तुम्ही माफी मागितली, पाटी काढली, आणि परत तुम्हीच तीच लावली? मग ती चूक राहत नाही, तिला आमिष म्हणतात. तसं लिहायचं का?"

बघ, घोडं पेंड खातं ते असं. खोटं बोलले तर दुकान लबाड ठरतं, खरं बोलले तर बाबा. म्हणजे बाबा लबाड नाही रे, पण... तू समजलास. बाबांसमोर, त्या अनोळखी माणसांसमोर, माझ्याच तोंडून "यांचं डोकं आता ठिकाणावर नसतं" हे लिहून द्यायचं? मी ठरवलं, लिही म्हणावं आमिष. होऊ दे दंड. बसू दे दुकानाला बट्टा. आणि मी "लिहा" म्हणाले. खरंच म्हणाले.

तेवढ्यात बाबा म्हणाले, "जरा तो फोटो बघू."

अधिकाऱ्याने मोबाईल पुढे सरकवला. बाबांनी चष्मा पुसला, घातला, फोटो लांब धरला, जवळ धरला. मग मला म्हणाले, "चिंगे, खोटं का सांगतेस? हे अक्षर माझं आहे."

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही गप्प बसा ना."

"का गप्प बसू? दुकान माझं, अक्षर माझं, आणि बोलणी तू खाणार?" मग अधिकाऱ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, पाटी मी लिहिली. त्या बॅगेची किंमत तीच आहे. यात तक्रार कसली?"

मी टेबलाकडे बघत होते. बाबांनी माझ्याकडे बघितलं, त्या पोराकडे बघितलं, मग नर्सबाईंना विचारलं, "ताई, तुम्ही सांगा. हिला काही विचारण्यात अर्थ नाही, ही मला जपते. ही बॅग दुसऱ्या दुकानात केवढ्याला मिळते?"

दादा, ही मला जपते, असं म्हणाले. म्हणजे त्यांना माहीत होतं. मी गुपचूप पाट्या बदलत होते, ओठ हलवत होते, ते सगळं त्यांना दिसत होतं आणि ते मला हौसेने जपू देत होते.

नर्सबाईंनी माझ्याकडे बघितलं. दवाखान्यात असली माणसं त्या रोज बघत असणार. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "चार हजाराच्या वर, काका."

बाबांनी फोटो पुन्हा एकदा जवळ धरून बघितला. मग म्हणाले, "मग साहेब, असं लिहा. म्हाताऱ्याला हल्ली साल कळत नाही. मुलीने लपवलं, कारण तिला लाज वाटली असेल."

"लाज नाही हो बाबा!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की बाहेरचा शिपाई आत डोकावला. मग मला रडूच आलं. त्या कार्यालयात, सगळ्यांसमोर, नाक लाल होईपर्यंत. तुला माहीत आहे मी रडताना कशी दिसते, तू लहानपणी आरसा आणून दाखवायचास.

नर्सबाई म्हणाल्या, "मी तक्रार मागे घेते. मला माहीत असतं तर केलीच नसती."

तर बाबाच त्यांच्यावर डाफरले, "का मागे घेता? तुमचं काय चुकलं? दुकानदाराच्या घरी काय चाललंय, हे गिऱ्हाइकाने कशाला बघायचं? त्याने पाटी बघायची. तुम्ही बरोबर होता. बॅग साडेनऊशेलाच जाईल." अधिकारी म्हणाला, "काका, नियमाने तसं देणं तुमच्यावर बंधनकारक नाही." बाबा म्हणाले, "तुमचा नियम तुमच्या जागी. पाटी माझी आहे."

शेवटी कागदावर "चूक, हेतू नाही" असं लिहिलं गेलं. दंड नाही, फक्त समज. परतताना नर्सबाई आमच्याबरोबर दुकानात आल्या, आणि बाबांनी बॅग स्वतः पुसून दिली, चाकं फिरवून दाखवली, कुलपाचा आकडा कसा लावायचा ते शिकवलं. आपल्याला तोटा झाला. तुझा त्यात निम्मा वाटा, हवं तर माझ्या नावावर टाक. त्या गेल्यावर बाबांनी ब्रश धुतला आणि माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, "तू लिहीत जा. पण माझं अक्षर काढू नकोस, तुझं काढ." काल मी पहिली पाटी लिहिली. वेडीवाकडी झाली. ते बाजूला उभे राहून बघत होते.

आता मुद्द्याचं, ज्यासाठी हे पत्र.

त्या रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "थोरल्याला कळवलंस का, माझं हे असं होतंय ते?" डोळे अगदी स्वच्छ होते. मी म्हटलं, "हो, कळवलंय की." म्हणाले, "काय म्हणाला?" माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "येतो म्हणाला. लवकरच."

इतके खूश झाले, काय सांगू. तेव्हापासून रोज विचारतात, "कधी येणार म्हणाला?" एरवी दुपारी काय जेवले, ते त्यांना सांगता येत नाही, पण हे पक्कं धरून बसलेत. आणि मी रोज सांगते, येतोय, निघालाच असेल.

त्या टेबलाशी त्यांनी माझं खोटं कागदावर चढू दिलं नाही. हे एक खोटं मात्र मी त्यांच्याशी बोलून बसलेय, आणि ते खरं करणं माझ्या हातात नाही. त्यांना तू ओळखू येतोस, तोवर ये.

वाट बघणाऱ्या दोघांतली एक,
चिंगी