पार्कसाहेबांचं रिकामं ताट

फरीज बिन ओमरान, दोहा
शनिवार, दुपारी गिऱ्हाईक नसताना

तीर्थरूप विजयाताईच्या पायांशी,

धाकट्या प्रतापचा साष्टांग नमस्कार (गुडघा धरलाय, म्हणून तूर्त मनातल्या मनात घातला आहे). तुझी शुगर काय म्हणते? गोविंदरावांचा खोकला थांबला का? अकरा महिने पत्र नाही, फोन नाही, हे खरं आहे. पण तुझ्या हर्षलच्या लग्नात, भर पंगतीत मी तुझ्या लिंबाच्या लोणच्याला खारट म्हणालो, ते तू इतकं मनाला लावून घेशील असं वाटलं नव्हतं. असो. त्यावर शेवटी बोलू, आधी इथली हकिकत ऐक.

इथे सध्या कोरियाचं वारं सुटलंय. मी हा बकाला (म्हणजे आपलं किराणा दुकानच, फक्त गार हवेचं) उघडला तेव्हा लोक तूरडाळ आणि खोबरेल मागायचे. आता आपली ईरा, तिच्या वर्गातल्या मुली, समोरच्या इमारतीतल्या फिलिपिनो नर्सेस, सगळ्यांना तिखटजाळ कोरियन शेवया हव्यात. खाताना डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात. जे खाऊन गिऱ्हाईक रडतं आणि तरी परत येतं तो माल सोडू नये, एवढं मला कॉलेज न करता कळतं. अशात बातमी लागली की 'सोलबाराम' नावाची कंपनी शेवया, सॉस आणि किमची (कोबीचं आंबवलेलं लोणचं समज) घेऊन कतारमध्ये उतरतेय आणि आमच्या भागासाठी एकच एजन्सी देणार आहे. (बातमी लागली म्हणजे काय, बँकेच्या रांगेत पुढचे दोघे बोलत होते आणि मी फॉर्म भरायचा थांबलो.) समोर स्पर्धेला अल अझीझियाचा मजीद. त्याचं दुकान माझ्या चौपट, त्यात सरकती दारं. एजन्सी त्याला गेली तर वर्षभरात माझी गिऱ्हाइकंही तिकडे, आणि मी सिन्नरला तुझ्या ओट्यावर कायमचा.

कंपनीच्या पार्कसाहेबांना मजीद आपलं दुकान दाखवणार होता शुक्रवारी चारला. म्हणून मी त्यांना त्याच दिवशी एक वाजता घरी जेवायला बोलावलं. साहेब दारात कमरेत वाकले, दोन्ही हातांनी कार्ड दिलं. मी त्यांच्याहून खाली वाकलो. ते आणखी खाली. (गुडघा तिथेच गेला.) मग पुरणपोळीचं ताट मांडलं. आता आपल्याकडची रीत तुला सांगायला नको, पाहुण्याचं ताट रिकामं दिसलं की यजमानाची अब्रू गेली. शोभाने पोळी वाढली, साहेबांनी ती संपवली. शोभाने दुसरी वाढली, साहेबांनी तीही संपवली, वर दोन्ही हात जोडले. पाचव्या पोळीला मी शोभाकडे अभिमानाने बघितलं. सातव्याला साहेबांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी हातरुमाल काढला, टाय सैल केला, शोभा म्हणाली, "संकोच करू नका हं," आणि आठवी वाढली, वर तूप. ईरा इतका वेळ समोर बसून नुसती बघत होती. नवव्या पोळीला ती म्हणाली, "बाबा, स्टॉप. कोरियात ताटात वाढलेलं टाकलं तर इन्सल्ट असतो. तुम्ही वाढताय म्हणून ते खातायत." मी म्हटलं, हे आधी सांगायला काय झालं होतं? तर म्हणे, "नोबडी आस्क्ड मी."

नववी संपवून साहेब दिवाणावर टेकले आणि कलंडले. चारला त्यांचा फोन वाजला, सव्वाचारला वाजला, साडेचारलाही. निजलेल्या पाहुण्याला उठवू नये ही आपल्या आईची शिकवण, म्हणून मी फोनवर उशी ठेवली. साहेब सहाला उठले, लाजून चारदा वाकले (मी या वेळी बसूनच हात जोडले), आणि विचारलं, "प्रत्येक घासाला मी जे आंबट-तिखट चाटत होतो ते काय होतं? ते नसतं तर मी चौथ्या पोळीलाच गेलो असतो."

ताई, ते तुझं लोणचं. बरणीवर तू 'फक्त शोभासाठी' असं लिहिलंयस, पण साहेबांना मराठी येत नाही.

बाकी सर्व क्षेम. गोविंदरावांना नमस्कार, हर्षल आणि सूनबाईंना आशीर्वाद.

तुझा, जिभेला हाड नसलेला भाऊ,
प्रताप

ता. क. – साहेबांनी विचारलं, हे कोण करतं? मी म्हटलं, घरीच करतो. (तुझं घर ते माझंच घर, यात खोटं काही नाही.) आता वीस तारखेला त्यांच्या कंपनीच्या मोठ्या बाई सोलहून येतायत. त्यांना लोणचं घालणारे हात माझ्या स्वयंपाकघरात बघायचेत, मगच एजन्सीच्या कागदावर सही. शोभाला नुसती लिंबं चिरता येतात. तेव्हा तिकीट सोबत पाठवलं आहे, मुरलेल्या दोन बरण्या घेऊन ये. पंगतीतले शब्द मी मागे घेतो. हवं तर सिन्नरला येऊन त्याच पंगतीला पुन्हा जेवायला बसवून मागे घेतो.

ता. क. २ – बरण्या सामानात टाक, हातातल्या पिशवीत विमानवाले तेल येऊ देत नाहीत.

ता. क. ३ – शोभा म्हणते हे लिहू नका, पण तुझ्यापासून मी कधी काही लपवलेलं नाही. निघताना साहेब दारात थांबले, वाकले आणि फार अदबीने म्हणाले की लोणचं अप्रतिम आहे, फक्त मीठ किंचित जास्त वाटतं. मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं, ते तसंच असतं. ईरा साक्षीला आहे. ती दोन्ही गोष्टींना साक्षीला आहे.