क्राय या शब्दाचे दोन अर्थ

८ जानेवारी

धाकू आज माझ्या फाटकावरून पुढे गेला! हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. मी ओटीवरच बसलो होतो. त्याने पाहिलंन, मान हलवलीन आणि सरळ नाक्याकडे. म्हणजे रेणुकाच्या क्लासवर.

त्याचा मुलगा केतन बोटीवर कामाला होता, नोव्हेंबरात तिथेच वारला. बोटीच्या पोटातली मालाची कोठी साफ करायला खाली उतरला, आत हवा खराब होती. सव्विसावं वर्ष. त्याबद्दल कॅप्टनचा इंग्रजी रिपोर्ट आलाय म्हणे.

एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं मी. आमच्या भाट्यात कुणाचंही इंग्रजी पत्र आलं की आधी माझ्याकडे यायचं. रेणुकासुद्धा माझीच विद्यार्थिनी. आठवीत तिला क्रियापदाला 'एस' लावायला मी शिकवलं! आता ती मॅडम.

९ जानेवारी

ही म्हणाली, "अहो, तिच्याकडे कॉम्प्युटर आहे, म्हणून जातात लोक." समजूत घालत होती. जेवण गेलं नाही.

१२ जानेवारी

धाकू भेटला. नारळ संशोधन केंद्रातून काम आटपून येत होता. रेणुकाने मराठीत लिहून दिलेला कागद त्याने स्वतःहून दाखवलान. सगळ्यांना दाखवतो. घडीवर फाटायला आलाय.

"बघा गुरुजी. शेवटाला दोन वेळा रडला माझा पोर. आमची आठवण आली आसंल त्याला." आणि चक्क हसला. रडवेलं, पण हसला.

मी मूळ कागद मागितला. तो पिशवीत होताच. तिथेच माडाखाली उभ्याने वाचला. 'ही वॉज हर्ड टु क्राय ट्वाइस.' डेकवरच्या मुकादमाने त्याला दोनदा 'क्राय' करताना ऐकलं. पुढचं वाक्य — वीस मिनिटांनी माणसं खाली गेली.

क्राय! रडला नाही, ओरडला! मदतीला हाक मारली त्याने! आणि वीस मिनिटांचं वाक्य तर बाईंनी गाळूनच टाकलंय. शाळेतही अशीच, शेवटचा प्रश्न सोडायची.

धाकूला काही बोललो नाही. रस्त्यात सांगायची गोष्ट आहे का ही?

खरं लिहायचं तर — घरी येईपर्यंत मी गुणगुणत होतो.

१३ जानेवारी

मोठा शब्दकोश काढला. वाळवीने पाठ खाल्लीय, पण आतली पानं शाबूत.

क्रायचा मूळ अर्थ रडणं नव्हेच. फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा अर्थ होता ओरडणं, पुकारणं, गयावया करणं. दवंडीवाल्याला क्रायर म्हणत ते त्यावरूनच. त्याच्याही मागे लॅटिन शब्द. एक जुनी समजूत अशी की रोममध्ये संकटात सापडलेला माणूस नागरिकांच्या नावाने हाक मारायचा, 'लोकहो, धावा', त्यातून तो शब्द झाला. सगळे विद्वान हे मानत नाहीत. पण किती सुंदर! डोळ्यांतल्या पाण्याचा अर्थ फार नंतर चिकटला. त्याआधी रडण्याला इंग्रजांचा स्वतःचा शब्द होता, वीप. तो मागे पडला, पुस्तकात राहिला. क्राय सगळीकडे झाला.

मागे पडलेल्याचं दुःख मला विचारा.

क्लास चालवणाऱ्या किती जणींना हे ठाऊक असेल?

१८ जानेवारी

रेणुका आली होती. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर वाडीतर्फे तिचा सत्कार. केतनच्या सगळ्या इंग्रजी पत्रव्यवहाराबद्दल. शाल, श्रीफळ! आणि अध्यक्ष म्हणून मी. वाकून पाया पडली. "सर, तुमच्यामुळेच." हे असं म्हणतात तेव्हा जास्त लागतं.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "क्रायचे अर्थ किती गं?"

ती हळूच म्हणाली, "दोन, सर. त्या कागदाबद्दलच तुमच्याशी बोलायचं होतं—"

"सव्वीसला बोलू," मी म्हणालो. आणि उठलो. चूक लपवायला आली होती. एवढ्या स्वस्तात?

चहा अर्धा टाकून गेली.

२६ जानेवारी

बोललो. माईकवर.

शाळेचं पटांगण भरलेलं. धाकू पुढच्याच रांगेत, धुतलेला सदरा. त्याची बायको सीता बायकांत, मागे. आधी रेणुकाचं कौतुक केलं, रीतीप्रमाणे. मग म्हणालो, "पण भाषांतर जबाबदारीचं काम आहे." क्राय शब्द सांगितला, दवंडीवाला सांगितला, रोम सांगितलं. लोक ऐकत होते! किती वर्षांनी! मग म्हणालो, "आपला केतन रडला नव्हता. त्याने हाक मारली होती. मुकादमाने ती ऐकली, आणि वीस मिनिटं कुणी गेलं नाही. हे त्या कागदात आहे."

वाटलं होतं, कुजबूज होईल, रेणुका काहीतरी सारवासारव करेल. ती खाली मान घालून बसली. शाल मांडीवर तशीच.

धाकू उभा राहिला. "म्हंजे त्याने हाक मारलीन?"

"हो."

"दोनदा?"

"हो, धाकू."

"आनी कोनी ओ दिलीन नाय?"

माईक चालूच होता. त्याचा कर्णा नुसता सूं सूं करत होता.

२७ जानेवारी

कुणी आलं नाही. वाटलं होतं, येतील.

३० जानेवारी

ही मासळी घेऊन आली ती बातमी घेऊनच. धाकू तीन दिवस कामावर गेलेला नाही. दुपारपासून भाट्याच्या वाळूत उभा असतो, पाणी पायाला लागेपर्यंत पुढे जातो आणि समुद्राकडे तोंड करून ओरडतो — "ओ! ओ रे!"

"तुम्ही काय मिळवलंत?" हिने विचारलं.

मी म्हणालो, खरं ते खरंच. खोट्यावर माणसाला किती दिवस जगवायचं?

पण मी ते खऱ्यासाठी सांगितलं नव्हतं. निदान इथे तरी लिहावं. रेणुकाची मान खाली गेलेली बघायची होती. बघितली.

२ फेब्रुवारी

सीता आली. धाकूची बायको माझ्या घरी प्रथमच. पायरीवर टेकली, आत यायला तयार नाही.

"गुरुजी, रेणुकाने मला पयल्या दिवशीच सगळा वाचून दाखवलान. हाक मारलीन तो, वीस मिन्टा, सगळा. मीच तिच्या हातापाया पडले. बोलले, ह्यांच्या कागदावर रडला आसा लिव. पोराला बोटीवर जायचा नव्हता. ह्यांनी हट्टान् धाडलानी."

मी म्हणालो, "पण मुकादमावर, कंपनीवर केस—"

"वकिलाकडे इंग्रजी कागद तसाच गेलाय. तिनेच नेऊन दिलान. ह्यांना वाचता येत नाय, म्हनून ह्यांच्यापुरता आमी बदललाव. तिला तुमाला सांगायचा होता. तुमी ऐकलात नाय, बोलली."

मग पदराने तोंड पुसलंन. "तुमी जावा आनी सांगा, तुमचा चुकला. इंग्रजीत तुमच्याशिवाय कोनाचा ऐकायचे नाय ते."

३ फेब्रुवारी

वाळूत जाऊन धाकूला सांगितलं. शब्दकोश जुना, माझी चूक झाली, रेणुकाचंच बरोबर. केतन रडलाच होता, तुमची आठवण काढून. त्याने ओरडणं थांबवलं. पाण्यातून मागे आला.

"तरी मी आमच्या हिला बोलत होतो," म्हणाला. "गुरुजींचा आता वय झाला."

मी हो म्हणालो.